पांढरी, गुलाबी आणि अर्धी पिवळी

किल्लीवाल्याला नावं लक्षात राहत नसत. गिऱ्हाइकांची तर सोडाच, सख्ख्या जावयाचं नावसुद्धा त्याच्या तोंडून चाचपडत बाहेर यायचं. पण किल्ली एकदा हातात आली की तिचे दात डोक्यात कायमचे जाऊन बसायचे. "मागच्या दाराची ना? तिसरा दात झिजलाय," असं तो मान वर न करता सांगायचा. पायऱ्यांखालच्या चिंचोळ्या दुकानात त्याचा सगळा जन्म असा निभावला होता. त्यामुळे जगातल्या वस्तूंना नावं कशाला लागतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

बायकोचं हृदय कमजोर झालं आणि दवाखान्यातून पिशवीभर गोळ्या घरी आल्या, तेव्हा त्यानं त्याही तशाच ओळखून टाकल्या. छोटी पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळी अर्धी करून दुपारी, चपटी तपकिरी झोपताना. बायको म्हणाली, "माझं मी बघते." ती बालवाडीत शिकवायची. नोकरी संपून वर्षं लोटली तरी आळी तिला बाईच म्हणायची, आणि लाडात आला की हाही. पण एवढं एक वाक्य बोलतानाही तिला धाप लागली होती. "तू पडून राहा बाई," तो म्हणाला. "आजवर माझं सगळं तू बघितलंस. गोळ्या मी देणार." तो हटून बसला की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसे.

पुढच्या तपासणीनंतर औषधांच्या दुकानातून नवी पाकिटं आली, त्यात एक गुलाबी गोळी होती. डॉक्टरांनी औषध वाढवलं वाटतं, असं त्यानं धरलं. पांढरीची दोन पाकिटं घरात शिल्लक होतीच, ती कशाला वाया घालवा? तो पांढरीही देत राहिला आणि गुलाबीही. डोळ्यांत तेल घालून, एकही वेळ न चुकवता. चार दिवसांनी भर दुपारी केस विंचरता विंचरता बायकोच्या हातातून कंगवा गळाला, अंगाला गार घाम सुटला आणि ती भिंतीला टेकून खाली घसरली.

"कोणकोणती औषधं चालू आहेत?" तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरणीनं विचारलं. पोरगेलीच होती, एका हातानं बायकोची नाडी धरली होती.

"एक पांढरी," तो म्हणाला, "एक गुलाबी, एक पिवळी अर्धी..."

"काका, रंग नकोत मला! नावं सांगा, नावं!"

नावं कुठून आणणार? तो घराकडे धावत सुटला, पिशवी घेऊन धावतच परत आला, तेवढ्या वेळात बायकोला नळ्या लागल्या होत्या. डॉक्टरणीनं दोन पाकिटं शेजारी शेजारी धरली आणि त्याच्याकडे बघितलं. "दोन्ही एकच औषध आहे, काका. कंपनी वेगळी, म्हणून रंग वेगळा. हृदयाचे ठोके कमी करायची गोळी तुम्ही दुप्पट देत होतात."

भिंतीकडे तोंड करून तो तसाच उभा राहिला. माणूस आपल्या हातानं कुणाचं काय करून बसतो! बायको वाचली, आठवड्यानं घरीही आली. "तुमचं प्रेम दुप्पट झालं, एवढंच," असं म्हणून तिनं ती गोष्ट हसण्यावारी नेली. पण त्याला हसू येईना. पुन्हा चुकलो तर, हा एकच किडा डोकं पोखरत होता.

वरच्या मजल्यावर एक म्हातारा कंपाउंडर राहायचा. तोंडानं फटकळ, गुडघ्यांनी अधू. किल्लीवाला त्याच्या खनपटीलाच बसला. "मला औषधांचं शिकवा."

"या वयात? परीक्षेला बसताय की काय?"

"बसलोय," किल्लीवाला म्हणाला. "एकदा नापास झालो. दुसऱ्यांदा झालो तर ती राहणार नाही."

कंपाउंडरनं पुढं थट्टा केली नाही. परिचारिकांच्या शिक्षणाचं एक पिवळं पडलेलं पुस्तक खाली उतरवलं आणि पहिला धडा तोंडीच दिला. औषधाला दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, लाडाचं. ते दर दुकानात बदलतं. दुसरं शाळेच्या दाखल्यावरचं, खरं, ते पाकिटावर बारीक अक्षरात असतं. "लाडाच्या नावाला भुलायचं नाही. बारीक अक्षर वाचायचं. भिंग घ्या, पण वाचा."

मग सुरू झाली घोकंपट्टी. शेवटी 'ओलोल' आलं की ठोके कमी करणारं घराणं, शेवटी 'प्रिल' आलं की रक्तदाब उतरवणारं. कार्डिओ म्हणजे हृदय, नेफ्रो आणि रीनल दोन्ही मूत्रपिंडाचे, प्रोग्नोसिस म्हणजे आजार पुढं कुठं जाणार त्याचा अंदाज. टॅकी म्हणजे जोरात, ब्रॅडी म्हणजे हळू. हायपर आणि हायपो या जोडगोळीनं तर त्याचा जीव नकोसा केला. दोघांचा चेहरा एक, आणि एक वर ओढतो तर दुसरा खाली. दुकानात यंत्र घरघरायचं आणि हा त्या तालावर पुटपुटायचा. एका भल्या माणसाला त्यानं गोदामाऐवजी शेजाऱ्याच्या फाटकाची किल्ली करून दिली. एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

संध्याकाळी बायको परीक्षा घ्यायची. पाठीशी तीन उशा, मांडीवर पुस्तक, नाकावर चष्मा. धापेमुळे प्रश्न तोडून तोडून यायचे, पण आवाजात बालवाडी होती. "इडिमा?"

"सूज. पाणी साठून आलेली."

"डाययुरेटिक?"

"अं... लघवी करवणारं. आपली अर्धी पिवळी."

"रंग सांगितलात. एक गुण गेला."

ती दहापैकी गुण द्यायची. कितीही वाईट दिवस असो, दोनाच्या खाली कधी आली नाही. बालवाडीत शून्य देत नाहीत म्हणायची. नऊ मात्र त्याला एकदाच मिळाले. पुस्तकात लिहिलं होतं की शरीराच्या पेशींवर कुलपांसारख्या जागा असतात आणि काही औषधं त्यात नुसती जाऊन बसतात, फिरत नाहीत, म्हणून खरी किल्ली आत शिरू शकत नाही. तो ताडकन उठला. "अगं, हे तर मी रोज बघतो! चुकीची किल्ली कुलपात अडकली की बरोबरची जातच नाही!" त्या संध्याकाळी दोघं हसली, इतकी की तिला खोकला आला आणि हसू आवरतं घ्यावं लागलं.

पण पुस्तकाची पानं पुढं सरकली तशी तिच्या पायांवरची सूजही वर सरकली. आधी घोटे, मग पोटऱ्या. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा. आधी नुसती सूज दिसली असती, आता त्याला इडिमा दिसायचा, त्यामागचं हृदय दिसायचं, हृदयामागं थकलेली मूत्रपिंडं दिसायची. शिकल्यानं भीती कमी होते असं त्याला वाटलं होतं. उलट भीतीला आता नावगाव मिळालं. दूर राहणारी मुलगी फोनवर रडायची आणि हा तिला तपासण्यांचे आकडे सांगायचा. दुसरं काही सांगता येत नव्हतं म्हणून.

उशांवर बसूनही श्वास पुरेना, तेव्हा बायकोला पुन्हा दाखल केलं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "औषधं?" किल्लीवाला ताठ उभा राहिला. सगळी नावं सांगितली, खरी नावं, मिलिग्रॅमसकट, कोणतं किती वाजता तेही. एकदाही अडखळला नाही. डॉक्टरांनी मान खाली घालून लिहून घेतलं आणि म्हणाले, "बरं, बाहेर थांबा." झालं. काही चुकलं नाही, आणि त्या पाठांतरानं काही बदललंही नाही. गोळ्या वेळेवर होत्या, मात्रा बरोबर होत्या, आणि आतलं हृदय तरीही बसत चाललं होतं. चूक सापडली असती तर सुधारता आली असती. आता सुधारायचं काय? बाहेरच्या बाकावर बसून त्यानं कपाळ दोन्ही हातांत धरलं. आपल्याला आता काहीच करता येत नाही, हे त्याला तिथं पहिल्यांदा कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले. सोबत तीन शिकाऊ. बायको डोळे मिटून होती, किल्लीवाला खाटेच्या पायथ्याशी उभा. मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळले, शिकाऊंकडे वळून हलक्या आवाजात बोलले. रीनल फंक्शन घसरतंय. औषधांना रिस्पॉन्स नाही. प्रोग्नोसिस पुअर. यापुढं पॅलिएटिव्ह. मग याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, दुपारी माझ्या खोलीत या. बोलू आपण." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वर्षापूर्वी हे सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं असतं. दुपारपर्यंत तरी तो आशेवर राहिला असता.

"काय म्हणाले?" बायकोनं डोळे उघडून विचारलं.

"सूज उतरेल म्हणाले. औषध बदलून बघणार आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नळीतून ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता.

"पॅलिएटिव्ह?" तिनं विचारलं. आवाज तोच, संध्याकाळचा, उशांना टेकून यायचा तो.

त्यानं चादरीची सुरकुती सारखी केली. "ते... ते माझं पाठ नाही अजून."

"घरी तर... बरोबर सांगितलं होतंत."

"विसरलो असेन."

"शून्य," बायको म्हणाली.

कित्येक महिन्यांत तिनं त्याला शून्य दिलं नव्हतं. कुणालाच कधी दिलं नव्हतं. किल्लीवाल्याचा बांध फुटला. खाटेच्या लोखंडी कडेवर डोकं टेकून तो हुंदके देऊन रडला, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघत होते तरी. पुस्तक तिच्याच मांडीवर असायचं, प्रत्येक शब्द आधी तिनं वाचलेला, हे त्याच्या ध्यानात कसं नाही आलं? बायकोनं सुया टोचलेला हात सावकाश उचलून त्याच्या केसांवर ठेवला आणि त्याला रडू दिलं.

मग म्हणाली, "पुन्हा विचारते. नीट सांगा."

त्यानं नाक पुसलं. सरळ उभा राहिला. कंपाउंडरनं शिकवलं होतं तसं, शब्द न गाळता म्हणाला, "आजार बरा होणार नाही हे धरून, माणसाला त्रास होऊ नये म्हणून केलेले उपचार."

"दहापैकी दहा," ती म्हणाली. श्वास जुळवायला थोडा वेळ थांबली. "दुपारी डॉक्टरांना... हेच सांगा. आणि मला घरी घेऊन चला."