रांग सोडलेला ठिपका

"तुमचं ते वरचं यंत्र आंधळं आहे, साहेब! माही माती फिक्की? अशी काऊन म्हनते ते?"

"बाई, मी नाही म्हणत. उपग्रह म्हणतो."

"मंग त्याले खाली बोलवा! मी पाह्यते त्याच्याकडं!"

पंचायतीच्या ओसरीवर सकाळपासून हे चाललं होतं. अख्खं गाव जमलेलं. माझ्या तोंडाला लागायची गावात कोणाची छाती नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी मी माझ्याच तोंडाला अशी लागले, की विचारू नका! घ्या, चहा घ्या, सांगते.

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात, बांध घातलेल्या धानाच्या बांद्या पीक निघून उघड्या पडल्या होत्या, तेव्हा नागपूरहून एक चष्मेवाला साहेब आला. काखेत चित्राची गुंडाळी. म्हणे, आभाळातून फिरणाऱ्या उपग्रहानं आपल्या शिवाराचा फोटो काढलाय आणि त्यावरून कोणाच्या मातीत किती कस आहे ते कळतं. शेण, पालापाचोळा, मुळं कुजून मातीत मुरली, की माती काळपट होते आणि ऊन कमी परतवते. फिकट माती जास्त परतवते. ते परतलेलं ऊन म्हणे यंत्र वरून मोजतं!

आता मला सांगा, चिमूटभर माती जिभेवर ठेवून जिनं जन्मभर वावर ओळखलं, त्या बाईला हे पटावं कसं?

त्यात ते चित्र! सगळं जंगल लालभडक!

"वनवा लागला होता का हो, साहेब?"

"नाही बाई. हिरवी झाडं यात लाल दिसतात."

"आन तळं?"

"तळं काळं."

घ्या! हिरवं ते लाल, पाणी ते काळं, आणि माझी माती फिकट हे मात्र खरं? माझं डोकंच गरगरलं.

चित्र खरं की खोटं हे पडताळायला साहेबानं ओसरीवरच्या त्या भांडणाच्या महिनाभर आधी गावातल्या काही वावरांत खुंट्या ठोकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खुंटीपाशी खणून थैल्या भरून नेल्या. आता तो चौकटीचा कागद घेऊन आला होता. त्यावर चित्रातला रंग आणि थैलीतला कस जुळवून प्रत्येक वावराचा एक ठिपका. माझं नाव मीच वाचलं. किराण्याच्या पुड्यांवर शिकलेय मी वाचायला, कोणाच्या उपकारानं नाही. बाकीचे ठिपके रोवणीच्या बायांसारखे एका रांगेत. माझा एकटाच रांग सोडून बांधाच्या धुऱ्यावर चढलेला!

"भागरथाबाई, चित्रात तुमची बांदी गावात सगळ्यात फिकट, आणि थैलीत तुमची माती सगळ्यात काळी. असं कसं?"

"मंग थैलीच खरी! यंत्राले का समजते?"

शेजारचा शिवराम खुदकन हसला. त्याचा न् माझा धुरा एक, आणि त्या धुऱ्यापायी आमचं कधी पटलं नाही. म्हणाला, "बरं झालं, बाई. तुमाले गाळ लागत नाई मंग."

"कोनता गाळ?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरपंच म्हणाले, "सभेत सांगतलं ना. तळ्यातला गाळ काढून राह्यलो. ज्याची माती कमजोर, त्याच्या बांदीत आधी गाड्या."

आता सभेचं ऐका. खुंट्या ठोकायच्या आधीच्या त्या सभेत मी होते. पण साहेब बोलत होता निव्वळ बाप्यांकडे बघून. रोवण्यात मी, कापणीत मी, आणि माती समजावणार ती धोतरांना? तरातरा उठून घरी आले. गाळाचं त्यानंतर निघालं असणार! मला वाटलं, बैलांचं प्रदर्शन भरतं तसं हे मातीचं. ज्याची उत्तम, त्याला शेला-नारळ!

आणि खरी गोष्ट काय? माझी बांदी मुरमाड. तीन सालं धान भरला नव्हता. त्या गाळाची मी देवासारखी वाट बघत होते.

मी पदर खोचला. "पाहू द्या बरं ते चित्र, साहेब. हो, हो. फिक्कीच दिसून राह्यली. यंत्र मोठं हुशार आहे!"

"पण आत्ताच तुम्ही त्याला आंधळं..."

"मी का जवळून पाह्यलं होतं?"

"आन थैली?" शिवराम कशाला सोडतो!

"थैली खोटी."

"खोटी? साहेबानं तुमच्यासमोर भरली! तुमीच तोंड धरलं होतं थैलीचं!"

साहेबानं कागद उलटा धरला, सुलटा धरला. चष्मा पुसला. बिचारा रडायच्या बेताला आला. "मग माझं गणितच चुकलं. सगळं रद्द करून पुन्हा मोजावं लागेल."

"मंग गाळ?" सरपंचांनी विचारलं.

"आधी यादी, मग गाळ. पावसाच्या आत काही होत नाही."

झालं! ओसरी पेटली. "बाई, थैली खरी का चित्र खरं, काय ते एक सांगा!"

काय सांगू? ज्या दिवशी खुंटी ठोकली, त्याच दिवशी मी तिच्याजवळचा मुरूम खरवडून काढला होता आणि तिथं उकंड्यावरचं दोन टोपली जुनं शेणखत दाबून वर धूळ भुरभुरवली होती. पाहुणा जेवायला येणार म्हटल्यावर त्याला तळाची खरवड वाढतं का कोणी?

समोर शिवराम दात काढून उभा. या माणसापुढे मी वीतभर धुरा कधी सोडला नव्हता. पण गावाचा सगळा गाळ माझ्या एका थैलीत अडकला होता. मी उठले, खाकरले आणि म्हटलं,

"साहेब, तुमचं यंत्रबी खरं आन गनितबी खरं, त्या थैलीतली माती माह्या बांदीतली नोहोय, माह्या म्हशीतली होय!"