गाभाऱ्यातलं पाणी

आमचे हे नळकाम करतात. तीस वर्षं झाली. कुठेही जा, यांची नजर आधी जमिनीकडे. लोक नव्या घरात पडदे बघतात, हे थेट न्हाणीघरात शिरतात आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघून येतात. माझ्या भाचीच्या लग्नात सगळे नवरामुलगा बघत होते, तेव्हा हे भांडी घासायच्या जागेपाशी उकिडवे बसले होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

लेक मात्र वर बघणारी निघाली. शिखरं, खांब, छतं. इतिहास शिकली आणि हजारएक वर्षं जुन्या एका देवळात, येणाऱ्यांना देऊळ समजावून सांगायच्या नोकरीला लागली. वर्षभर "या ना, या ना" करत होती. शेवटी एका रविवारी आम्ही गेलो.

काय सुरेख सांगते हो पोरगी! म्हणाली, "आई, हात लावून बघ. दोन दगडांमध्ये चुना नाही की काही नाही. एकाला खाच, दुसऱ्याला खुंटी, आणि वरचं वजन. एवढ्यावर उभंय सगळं." जोत्यावरून देवळाभोवती हत्तींची रांग कोरलेली. एकासारखा दुसरा नाही. एक सोंडेने कान खाजवतोय, एक पिल्लू आईच्या पायांमध्ये अडकलंय. मी चष्मा पुसून पुसून बघितले.

तेवढ्यात त्या पिल्लाच्या पाठीवरून गेलेली खडूची रेघ दिसली.

"उद्या सकाळी इथून कापणार आहेत," लेक म्हणाली. "पावसाळ्यात गाभाऱ्यात घोटाभर पाणी साचतं. खांब खचतील म्हणे. म्हणून इथून भोक पाडून पाइप काढायचा. मी महिनाभर दुरुस्ती बघणाऱ्या साहेबांपुढे डोकं फोडतेय, कोणी ऐकत नाही." दगड कापायचं यंत्र ताडपत्रीखाली येऊन बसलंच होतं. पोरीचं आणि हत्तीच्या पिल्लाचं, दोघांचंही वाईट वाटलं.

हे वाकून जोत्याचा तळ बघत होते. तिथूनच म्हणाले, "साचतं म्हणजे आधी जात होतं. बांधणारे काय वेडे होते?"

देवळात आता पूजा होत नाही, त्यामुळे आत जाता आलं. यांनी माझ्या पिशवीतला स्टीलचा पेला काढला, फरशीवर पालथा घातला आणि त्याला कान लावला. गळती शोधायची यांची ही जुनी रीत. वीतवीत सरकत, फरशी ठोकत सगळा गाभारा ऐकून काढला. लोक बघत होते. मी खांबाआड झाले.

कोपऱ्यात एका फटीपाशी हे थांबले. "इथे खाली पोकळ वाजतंय. पाणी आण बेटा, बादलीभर."

लेकीने साहेबांना गाठलं. ते रविवारी खास खुणा तपासायला आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. गळती शोधायला यांच्या खिशात कायम असणारी निळीची पुडी हातात बघून ते दचकले. "डाग पडतील हो!"

"कपड्यांची नीळ आहे साहेब. दोन बादल्यांत निघून जाते."

"बरं. पण तासभरच हं."

यांनी निळं पाणी फटीत सोडलं. एक, दोन, पाच बादल्या. मग अगदी ऐटीत सगळ्यांना उत्तरेच्या भिंतीकडे नेलं. तिथे भिंतीतून दगडी मगरीचं तोंड बाहेर आलंय, पूजेचं पाणी त्यातून पडायचं. "इथेच नजर ठेवा," हे म्हणाले.

ठेवली. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. मगर कोरडी ठाक. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि नको तितक्या नम्रपणे म्हणाले, "प्रयत्न चांगला होता काका." लेक खाली मान घालून उभी. यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत हा माणूस असा तोंडघशी पडलेला मी बघितला नव्हता. मनात म्हटलं, कशाला नसती उठाठेव केलीत?

आणि तेवढ्यात विरुद्ध बाजूने आरडाओरडा. चपला सांभाळणाऱ्या मावशी पदर खोचून धावत येत होत्या. "अहो, कोणी रंग सांडला? सगळ्या चपला निळ्या झाल्या!"

आम्ही पळत गेलो. चपलांच्या मांडणीखाली सिमेंटचा ओटा आहे. त्याच्या भेगेतून निळं पाणी झुळझुळ येत होतं, आणि त्याच्या मधोमध साहेबांचे पांढरेशुभ्र बूट.

"अरे मी मूर्ख!" हे कपाळावर हात मारून ओरडले. "आपण तरी स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी एका नळीत सोडतो का? मगर पूजेच्या पाण्याची. फरशी धुतलेलं पाणी वेगळ्या वाटेने काढलंय त्यांनी!"

"इथे कायम ओल असते," मावशी म्हणाल्या. "मी चार वर्षं सांगतेय. ओटा झाल्यापासून."

ओटा साहेबांच्याच सहीने झाला होता. त्यांनी वाकून आपले निळे झालेले बूट उचलले. मग म्हणाले, "दोन बादल्यांत निघेल म्हणालात ना काका?" आणि स्वतःच हसत सुटले. तिथेच फोन लावला. उद्या यंत्र हत्तींना लावायचं नाही, ओटा फोडायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हजर. यांनी ठरलेली दोन कामं पुढे ढकलली होती, आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ओटा फुटला, माती निघाली, खाली घडीव दगडांची वीतभर रुंद नाली. चिखल उपसून झाल्यावर लेकीने गाभाऱ्यात स्वच्छ पाणी ओतलं. ते जोत्याखालून, हत्तींच्या पायांखालून आलं आणि कुठेही न थबकता बाहेर पडलं.

हे पोटावर आडवे झाले. नालीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळ चाचपत राहिले. मला वाटलं काही अडकलं असेल.

"काय झालं हो?"

"काही नाही गं." डोळे भरले होते यांचे. "उतार बघ. हातभराला जेमतेम एक बोट. माझ्याकडे एवढी साधनं आहेत, तरी मला इतका एकसारखा जमत नाही. काय काम केलंय गड्याने!"

दुसऱ्याच्या नळकामाला चांगलं म्हणताना मी यांना पहिल्यांदाच ऐकलं. लेक वही काढून बाजूला बसली आणि म्हणाली, "बाबा, सावकाश सांगा. लोकांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं."