कुंडीतला गोटा

उन्हाळ्याची वाट बघणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता आणि तो सक्करदऱ्याला आमच्या शेजारी राहायचा. तारखात्यातून निवृत्त झालेले हे काका. मे महिन्यात आम्ही वाळ्याच्या ताट्यांमागे दडून बसायचो, तेव्हा हे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर आपल्या निवडुंगांची विचारपूस करत हिंडत. काही निवडुंग लोकरीच्या गुंड्यासारखे, काही काकडीसारखे, काही कशासारखेच नाहीत. काकांच्या बोटांत कायम काटे. जेवता जेवता घास खाली ठेवून चिमटा मागायचे.

या छंदातल्या लोकांचा एक कायदा होता. रोप विकायचं नाही, फुकटही द्यायचं नाही. पिल्लाच्या, म्हणजे बुडाशी फुटलेल्या कोंबाच्या, बदल्यात पिल्लू. रविवारी चार-पाच जण पिशव्या घेऊन जमत आणि चहा होईपर्यंत कोणी पिशवी उघडत नसे. काका याला सोयरीक म्हणत आणि दिलेल्या पिल्लाच्या सासरी जाऊन चौकशीही करत. एकदा जरीपटक्यापर्यंत सायकल हाणत गेले नि पिल्लू माघारीच घेऊन आले. "नळाखाली ठेवलं होतं गा त्याईनं," मला म्हणाले, "पोरगी नांदवाची काही रीत असते."

काकू मात्र गच्चीची पायरी चढत नसत. "त्या काट्यायमध्ये मले काय काम?" एवढंच म्हणत.

पुढे काकांनी आपला सगळ्यात देखणा निवडुंग देऊन एक दगड आणला. म्हणजे होतं रोपच, पण हुबेहूब चीर पडलेल्या गोट्यासारखं, आणि खऱ्या गोट्यांतच लावलेलं. त्याला फूल येतं म्हणे. त्याच उन्हाळ्यात काका आठ दिवस भावाकडे वर्ध्याला गेले. दगडाला पाणी द्यायचं नाही, फक्त सावली सरकवायची, असं काकूंना बजावून गेले. पण त्या तापलेल्या जिवाची दया येऊन काकूंनी रोज तांब्याभर पाणी घातलं. पाचव्या दिवशी रोपाचा लगदा झाला. काकू रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "यायले सांगू नका भाऊ. जेवण सोडतील." मग कुंडीतलाच एक गोटा त्यांनी त्याच्या जागी रोवला.

काका परतले आणि वर्षभर त्या गोट्याला ऊन-सावली करत राहिले. चोरी उघडकीला आली का ते बघायला काकू रोज सकाळी चहाचे कप घेऊन वर जाऊ लागल्या. हळूहळू तिथंच भाजी निवडू लागल्या, इतर रोपांची नावंही विचारू लागल्या. शेवटी मला राहवेना. एका सकाळी मी म्हटलं, "काका, त्या दगडाचं जरा..."

काकांनी जिन्याकडे बघून आवाज खाली घेतला. "गोटा आहे तो. आलो त्याच दिवशी ओळखला."

"मग बोलला नाहीत?"

"काहून बोलू? तीस वर्षांत एकडाव वर आली नव्हती. आता रोज येऊन राहिली. तिले सांगू नको गा."

तेवढ्यात काकू कप घेऊन आल्या आणि कुंडीपाशी टेकल्या. "यंदा येईन का हो फूल?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"येईन," काका म्हणाले.

मी हसू दाबून खाली उतरलो. आता ती दोघंही नाहीत, आणि ते आठवलं की मला हसू येत नाही.