फाटकाजवळची सावर

हल्ली फोडणीत हिंग टाकताना माझा हात थबकतो, आणि डोळे आपसूक खिडकीबाहेरच्या काटेसावरीकडे जातात.

ती माझ्या सासऱ्यांनी लावली, तीही चुकून. तळवड्याच्या पुढे तेव्हा आमचं रान होतं. बांधाला जिवंत कुंपण हवं म्हणून त्यांनी पांगाऱ्याचे खुंट आणले होते. पानं झडलेले काटेरी खुंट सगळे सारखेच दिसतात. त्यात एक सावरीचा आला. पालवी फुटल्यावर मी म्हटलं, "मामंजी, पांगाऱ्याला तीन-तीन पानं असतात. हिला पाच आहेत, पंजासारखी."

"गप गं. दोन जास्तीची द्येतोय, तर तुझं काय जातंय?"

पुढे रान गेलं, कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. सावर शेजारच्या प्लॉटच्या फाटकाजवळ उरली आणि उंच होत गेली. मामंजी अखेरपर्यंत तिला पांगाराच म्हणत राहिले. ते गेल्यावर घरात त्यांचं असं फारसं काही राहिलं नाही. जे राहिलं ते हे झाड.

यंदा पौषात पानं झडत होती, तेव्हा तिच्याखाली मला हिंगाचा वास आला. एरवी तिथे डिझेल आणि तापलेलं लोखंडच नाकात जातं. वाकून पाहिलं, तर बुंध्याशी माती नुकतीच उकरून दाबलेली. मुळाशी हिंग पुरला की झाड आतून वाळतं, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. झाड तोडायला परवानगी लागते, वाळायला लागत नाही. त्या फाटकातून लांबलचक ट्रेलर वळवताना सावर आड येते, एवढं मला माहीत होतं. हे कुणी केलं, ते नाही. हाताला लागला तेवढा हिंग काढला, बादल्या भरभरून पाणी ओतलं. पण पानगळीत कसं ओळखावं? झडलेलं झाड आणि मेलेलं झाड दिसायला एकच. रोज नखानं साल खरवडून आत हिरवं शोधत राहिले.

आणि माघात ती फुलली. अशी, की लाल फुलांखाली फांदी दिसेना. शिफ्ट सुटलेली माणसं मोबाइल वर धरून उभी राहतात. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "वहिनी, यंदा लय जोरात हाय झाड!" मला हसता आलं नाही. बांधावरचा शेवगा वाळण्याआधी असाच लगडला होता, आणि मामंजी म्हणाले होते, "हरखू नगंस पोरी. जायला निघालेलं झाड समदं देऊन जातं."

ती जगेल की नाही, हे चैत्राची पालवी सांगेल. मला भीती वाटते, आणि तरी मी बोंडं तडकायची वाट पाहते आहे. कापूस वाऱ्याबरोबर जाईल तिकडे जावो, ओंजळभर बिया मी पदरात धरणार आहे. त्या रुजल्या, तर मीही त्यांना पांगाराच म्हणेन.