माशांसाठी भडंग

रिकाम्या हाताने कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हा नियम माझ्या धाकट्या मामांइतका कडक उभ्या जिल्ह्यात कुणी पाळत नसेल. ते जयसिंगपूरचे, त्यामुळे हातात भडंगाची पिशवी ठरलेली. दवाखान्यात डॉक्टरांना भडंग, बँकेत खिडकीतून आत भडंग. हरवलेल्या सायकलची तक्रार द्यायला पोलीस चौकीत गेले, तिथेही आधी कागद पसरून सगळ्यांना मूठमूठ वाढलं आणि मग सायकलचा विषय काढला. माझ्या घरी तर ते न सांगताच यायचे, "आलो रं" म्हणत थेट स्वयंपाकघरात.

गेल्या सुट्टीत कोल्हापुरात माशांचं प्रदर्शन लागलं होतं. मामांना मीच हौसेने घेऊन गेलो. काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे फिरताहेत आणि खाली रविवारची गर्दी. पुढचा सरकला तरच आपण सरकायचं. मामा मात्र प्रत्येक काचेपुढे थांबून माशांची खुशाली विचारत होते. मागे रांगेत मी शिकवतो त्या कॉलेजातली पोरं होती, वर्गात मला टरकून असणारी. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

बोगदा संपल्यावर रंगीत माशांचा एक उघडा हौद होता. मी मान वर केली तेव्हा त्या पाण्यावर कुरमुरे, शेंगदाणे आणि तेलाचा लाल तवंग पसरला होता. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ पावणं, काय टाकलासा ह्यात?"

"त्येंच्या घरला आलोय, रिकाम्या हातानं कसं यायचं?" मामा अगदी मनापासून म्हणाले.

गर्दी हसली. माझी पोरंही हसली.

"कुणासंगं आलायसा? बोलवा त्येला."

मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. 'माझ्याबरोबर' एवढंच म्हणायचं होतं, पण लाजेने माझी जीभच उचलेना. ते त्यांना दिसलं असणार.

"एकलाच आलोय की," असं म्हणून त्यांनी रखवालदाराच्या हातातली जाळी घेतली आणि वाकून कुरमुरे गोळा करायला लागले.

बाहेर रसाच्या गाड्यापाशी ते माझी वाट बघत उभे होते. जवळ गेल्यावर त्यांनी पिशवी पुढे केली. "तुझ्या वाटणीचं ठेवलंय." मी खाल्लं. त्यांच्याकडे न बघता खाल्लं, कारण बघायचं धाडसच होत नव्हतं.

मामा अजून येतात, भडंगही आणतात. फक्त हल्ली आधी फोन करतात.

"घरात कोण बाहेरचं न्हाय न्हवं?" ते विचारतात. "मग येऊ का?"