कोपरा कोरा राहिलेलं तिकीट

आमच्या तिकीट कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे दोरेसाहेब म्हणत. त्यांच्या खणात एक पांढरा दोरा असे. टेबलावरच्या पृथ्वीगोलाच्या मापानं त्याला दर हजार किलोमीटरला एक गाठ मारलेली. गिऱ्हाईक बसलं की आधी दोन शहरांमध्ये दोरा ताणायचा, गाठी मोजायच्या, मग तिकीट. संगणक आले, दोरा काही सुटला नाही.

दुसरा नेम पेन्सिलीचा. तिकिटावर निघायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली. माणूस सरळ वजाबाकी करतो आणि फसतो. म्हणून ते प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात प्रवासाचे खरे तास लिहून देत. चौतीस वर्षांत एकही कोपरा कोरा सोडला नाही. स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते.

त्यांची मुलगी गोलाच्या पार पलीकडच्या अंगाला, पावणेतेरा गाठींवर. तिला मुलगा झाला आणि साहेबांचं कामातलं लक्षच उडालं. अडचण वहिनींची, म्हणजे साहेबांच्या बायकोची. त्यांच्या बहिणीच्या गावची बस सहा तासांची, तेवढंच त्या बसत. सहा तासांवर एक मिनिटही खुर्चीत बसणार नाही, ही त्यांची जुनी अट.

"अख्ख्या गावाला विमानात बसवलंत, आता घरच्यांना बसवून दाखवा," मी चिडवलं. ते हसले नाहीत. वहिनींना सोडून जाणं त्यांच्या डोक्यातही येत नव्हतं.

शेवटी दोन तिकिटं काढून त्यांनी वहिनींपुढे ठेवली. निघणं सकाळी दहा, पोचणं दुपारी चार.

वहिनींनी चष्मा लावला. "म्हणजे सहा तास?"

"तिकिटावर तर तसंच दिसतंय," साहेब म्हणाले. कोपरा कोरा होता.

"मग चला."

पुढचे पंधरा दिवस साहेबांना डबा गोड लागला नाही. "साडेनऊ तास गिळून बसलोय, पचत नाहीत," मला म्हणायचे. रोज सकाळी "आज सांगतो" आणि रोज संध्याकाळी "उद्या". सांगितलं, तर वहिनींचं येणं रद्द होईल ही धास्ती.

विमानात सहा तास झाले. समोरच्या पडद्यावर अजून पावणेआठ हजार किलोमीटर शिल्लक. साहेब खाकरले. "अगं, एक सांगायचं राहिलंय. अजून साडेनऊ तास आहेत."

वहिनींनी मान वर केली नाही. एक टोपडं विणून झालं होतं, मांडीवर स्वेटरची पाठ होती आणि पायाशी पिशवीत लोकरीचे चार गुंडे.

"माहीत आहे. तीन वर्षं रोज फोन करते मी तिला. आपली संध्याकाळ होते तेव्हा ती नाश्ता करत असते. एवढी वजाबाकी मला येत नाही होय?"

"मग हो का म्हणालीस?"

"जन्मभर परक्यांना खरे तास लिहून देणारा माणूस बायकोपुढे कोरं तिकीट ठेवतोय. म्हटलं, नातवाला बघायचं यांना फारच आहे. आता हा गुंडा धरा. हात रिकामेच आहेत तुमचे."

उरलेला प्रवास साहेबांनी लोकर धरून केला.

परत आल्यावर त्यांनी मला परतीची तिकिटं दाखवली. दोन्हींच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खरे तास लिहिलेले होते. अक्षर वहिनींचं होतं.