कोऱ्या किकची स्कूटर

त्या चोरीचा तपास इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही. पन्नासच्या दशकाची अखेर होती. मी कल्याणला फौजदार होतो, शिपायापासून वर चढलेला. घासाघीस केल्याशिवाय मी कधी कोथिंबिरीची जुडीही घेतली नाही.

मी रजेवर असताना हवालदाराने एक फिर्याद नोंदवली होती. डोंबिवलीच्या एका डॉक्टरांची हिरवी स्कूटर दवाखान्यासमोरून गेली होती. ‘खेड्यांतले रोगी अडून आहेत, गाडी लवकर शोधा,’ असे डॉक्टर कळवळून सांगून गेले होते.

मग खबर मिळाली की विठ्ठलवाडीजवळच्या गॅरेजात दोन जुन्या स्कूटरी विकायला आल्या आहेत. मी साध्या वेषात गिऱ्हाईक म्हणून गेलो. दोन्ही लहान इंजिनांच्या, सारख्याच चाललेल्या. एक काळी, दुसरीला ताजा निळा रंग. जुनी गाडी घेताना मी रंग पाहत नाही. हातपाय जिथे लागतात ती जागा पाहतो. काळीची किक आणि पायाचा ब्रेक झिजून गुळगुळीत झाले होते. निळीचे टायर पार घासलेले, मुठी झिजलेल्या. पण किक आणि ब्रेकचे रबर कोरे!

माझे डोके फिरले. निळी विकायला आलेल्या माणसाला मी दरडावले, “नवं रबर चढवून फसवतोस काय रे?”

“आईशप्पथ शेठ, रबर मूळचंच आहे! माझीच गाडी. दोन वर्षं मीच चालवलीय.”

मी वाकून पाहिले. रबर मूळचेच होते, खाचांत जुनी माती घट्ट बसली होती. भाव पडू नये म्हणून पठ्ठ्या खरे बोलला आणि तिथेच अडकला. मी ओळख दिली आणि त्याला चौकीवर आणले.

“दोन वर्षं किक न मारता चालू कशी करायचास? मंत्र टाकून?”

“ढकलून, साहेब...”

“रोज? आणि ब्रेक?”

तो घामाघूम झाला. “उचलली साहेब. दवाखान्यासमोरून.”

इंजिनाचा नंबर डॉक्टरांच्या कागदांशी जुळला. शाबासकी मात्र वरिष्ठ घेऊन गेले, पंचनाम्यालाही न आलेले. तो राग आजही आहे.

कोर्टाच्या हुकमाने गाडी परत देताना डॉक्टरांना मी प्रथमच पाहिले. काखेत कुबडी, उजवा पाय लहानपणीच वाळलेला. किक आणि ब्रेक दोन्ही त्याच पायाचे.

“मुंब्र्याचा उतार कसा उतरता हो?” मी विचारले.

“गिअरवर. आणि पुढच्या ब्रेकवर. हात धड आहेत ना!”

“आणि चालू?”

“घरापुढे उतार आहे. इथे नाही. तेव्हा ढकला, फौजदारसाहेब! शीळला एक पोर तापाने फणफणलंय.”

वस्तूवर जे उमटलेले नसते तेही साक्ष देते, हे त्या तपासाने मला शिकवले. पुढे ते अनेकदा कामी आले. पण त्या क्षणी असले काही सुचले नाही. कुबडी बाजूला बांधून ते बसले. मी गणवेशात, धोतर खोचलेल्या पंचांसोबत, मागून जोर लावला. इंजिन धडधडले, हाताला हिसका बसला आणि डॉक्टर शीळच्या रस्त्याला लागलेसुद्धा. धूळ खाली बसेपर्यंत मी तसाच उभा होतो.